विरजण

आमची आणि शेजारच्या वहिनींची भिंत कमरेइतकीच उंच आहे. कशेळीत आता टॉवरवर टॉवर उठले, गोदामं झाली, मेट्रोचे खांब डोक्यावर आले, पण आमच्या आळीतली ही भिंत कुणी वाढवली नाही. तिच्यावरून कढीपत्ता जातो, निरोप येतात, विरजणाची वाटी तर दोन दिवसाआड इकडून तिकडे असतेच.

सव्वा महिन्यापूर्वीची गोष्ट. सकाळी दूध तापत ठेवून मी बाहेर आले, तर वहिनी भिंतीला टेकून उभ्या. चेहरा पडलेला, पण आवाजात काहीतरी समाधान.

"ताई, तो केशरीपण गेला हो."

"अगं बाई! कधी?"

"पहाटे. पण एका परीनं बरंच झालं. काल पुलावर ह्यांची बाईक घसरली, मागून ट्रक येत होता. नुसतं खरचटलं. माशानं घेतलं बघा अंगावर."

मी मनातल्या मनात मोजलं. होळीपासूनचा हा सातवा गोल्डफिश. पहिला आजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेला, दुसरा मुलाच्या बारावीच्या पेपरांत, पुढचे दोन गोदामाचा भाडेकरू भाडं बुडवत होता तेव्हा. बाकीचे कशावर गेले ते त्यांनी सांगितलं होतं, माझ्या लक्षात नाही. एका उन्हाळ्यात सात संकटं! एवढी तर पांडवांवरही आली नसतील.

आता मी काही मोठी जाणकार नव्हे. आमची टाकी माझ्या मुलानं आणली, आणि नोकरीसाठी पुण्याला जाताना माझ्या गळ्यात बांधून गेला. सुरुवातीला मीही दोन-चार मारले. तेव्हा जे शिकले, त्या जोरावर विचारलं, "टाकी कधी धुतली होती?"

"काल की! रविवार ना. अशी लख्ख केली होती, आरसा म्हणून बघावं."

घ्या. वहिनींचा रविवार म्हणजे माशांची दिवाळी, पण नरकचतुर्दशीच्या बाजूनं. मासे बादलीत, सगळं पाणी मोरीत, खडे धुण्याच्या पावडरीनं चोळायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरं पाणी येईपर्यंत पिळायचा, आणि टाकी नळाच्या ताज्या पाण्यानं काठोकाठ भरायची. वर एअर पंप रात्री बंद, का तर घरघरीनं ह्यांना झोप लागत नाही.

"वहिनी," म्हटलं, "तुम्ही दर रविवारी दह्याचं भांडं घासून ठेवता आणि वर म्हणता दही का लागत नाही."

हे त्यांना पटकन समजलं. अमोनिया म्हटलं असतं तर समजलं नसतं. पण गोष्ट अमोनियाचीच आहे. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. त्याची घाण आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया माशाला विषच, आणि पाणी जितकं गरम, तितका जास्त जहरी. त्याच टाकीत न दिसणारे जिवाणू वाढतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते थोडं साठलं तरी मासा सोसतो. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त त्या मळकट स्पंजात चिकटून बसतात. नव्या टाकीत त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. वहिनी त्यांना सातच दिवस देत होत्या. जे काही उरेल ते नळाचं क्लोरीन मारणार, आणि रात्री पंप बंद म्हणजे माशांचा आणि त्यांचा, दोघांचाही श्वास कोंडणार. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. मे महिन्यात आपलाच जीव कासावीस होतो, त्यांचं काय?

"म्हणजे पाणी बदलायचंच नाही? शी!"

"बदलायचं. आठवड्याला चौथाई."

त्यांची दोन फुटी टाकी, फूटभर रुंद, फूटभर उंच. पंचावन्न-छप्पन्न लिटर पाणी, म्हणजे चौथाई ही एकच बादली. ती आदल्या दिवशी भरून उघडी ठेवायची किंवा दुकानातल्या अँटिक्लोरीनचे थेंब टाकायचे. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस. मळका दिसला तरी चालतो. वहिनींना हेच सगळ्यात जड गेलं.

दुसरं जड गेलं ते खाण्याचं. सकाळी भाऊजी चिमूट टाकतात, दुपारी मुलगा, संध्याकाळी आजी पोळीचा तुकडा. "तोंड उघडून काचेला येतो हो, बघवत नाही." येणारच! गोल्डफिशला जठर म्हणून नसतंच. अन्न सरळ आतड्यात, त्यामुळे तो दिवसभर मागत फिरतो. दोन मिनिटांत संपेल एवढंच द्यायचं. एखाद्या एकादशीला उपास घडला तर उलट बरंच.

आतून आजींचा आवाज आला, "म्हावरं ताटात असतं गो, काचेत नाय!" खाडीच्या निवट्या आणि बोयटं खाल्लेल्या बाईंचं हे म्हणणं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

संकटांचं मात्र वहिनी सोडेनात. मग मी इंग्लंडच्या टिशची गोष्ट काढली. 1956 साली एका मुलानं जत्रेत जिंकलेला गोल्डफिश. मेला 1999 साली, 43 वर्षांचा होऊन. "त्या घरावर 43 वर्षं एकही संकट आलं नसेल का हो?" वहिनी थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आलं असेल. पण मासा आळशी असेल."

बोलता बोलता त्यांनी विचारलं, काच चाटणारा तो काळा सकर फार वाढलाय, तळ्यात सोडू का? पुण्य लागेल. मी भिंतीवरून हातच धरला. दक्षिण अमेरिकेतला हा प्राणी अशाच कुणाच्या तरी पुण्याईनं उजनी धरणात पोचला, आणि आता तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात मासळीऐवजी तोच येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात ती वेगळीच. दुकानदार परत घेत असेल तर बघा, नाहीतर मला द्या म्हटलं. तो आता आमच्या टाकीत आहे. दिसायला भयंकर आहे, सांगून ठेवते.

मग मी आत जाऊन आमच्या फिल्टरचा जुना स्पंज अर्धा कापला, टाकीतल्याच पाण्यात बुडवून स्टीलच्या वाटीत ठेवला आणि भिंतीवरून दिला. नळाखाली धरायचा नाही, सरळ फिल्टरमध्ये. मासे आधी दोनच आणायचे, पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगवायची, आणि पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. दुकान ते कशेळी, मध्ये पुलावरचं ट्रॅफिक, तेवढ्या वेळात त्या पाण्याची काय दशा होते ते पुलावर अडकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

वाटी बघून वहिनी म्हणाल्या, "ताई, ह्यात दही नाही ना लावायचं?"

काल त्या टाकीला पाच आठवडे झाले. दोन्ही मासे हिंडतायत, पंप रात्रभर घरघरतो, भाऊजी हॉलमधून आतल्या खोलीत झोपायला गेलेत. मधल्या काळात वहिनींच्या मुलाचा मोबाइल हरवला, भाडेकरूनं पुन्हा दोन महिन्यांचं भाडं थकवलं, आजी पायरीवरून घसरल्या. माशांनी त्यातलं एकही अंगावर घेतलं नाही.