भिंतीजवळचं पान

पंगतीत शिरलो की हल्ली मी जिलबी नंतर बघतो, आधी भिंत बघतो. भिंतीजवळचं पान मिळालं म्हणजे जेवण गोड लागतं. बसण्याचं काही नाही. साठीनंतर माणूस बसतो तेव्हा निम्मा पडतच असतो. प्रश्न उठण्याचा असतो, आणि त्या वेळी भिंतीइतका भरवशाचा सोबती नाही.

गेल्या श्रावणात आमच्या आळीत सत्यनारायण होता. आमचं गाव एसटीच्या पाटीवर राजगुरुनगर आणि बोलण्यात अजून खेड. सत्यनारायणाची पंगतही तशीच जुन्या वळणाची, जमिनीवर. मी पोचेपर्यंत भिंतीजवळची सगळी पानं माझ्याच वयाच्या मंडळींनी धरली होती. दोघे तर आरतीच्या आधीपासून तिथे टेकून होते. मला मधल्या रांगेत जागा मिळाली. मसालेभात झाला, जिलबी झाली, मठ्ठा झाला आणि उठायची वेळ आली. उजवा हात जमिनीवर, डावा तळवा गुडघ्यावर, तोंडाने 'आई गं'. पुण्याला शिकत होतो तेव्हा याच आईला महिन्याकाठी एक पोस्टकार्ड टाकायचा मला कंटाळा. आता उठता-बसता तिचं नाव घेतो. त्या दिवशी मात्र नामस्मरण पुरलं नाही. जमिनीवर म्हणून टेकलेला हात शेजाऱ्यांच्या मठ्ठ्याच्या द्रोणात गेला. शेवटी वाढप करणाऱ्या एका पोराने काखेत हात घालून मला उभं केलं. पोरगा चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हात पुसता पुसता म्हणाला, "काका, ग्रीस संपलंय तुमचं."

हे निदान त्याचं एकट्याचं नाही. चाकणला कारखाने आले आणि आमची दुखणीही वर्कशॉपच्या भाषेत बोलायला लागली. कुणाचा वॉशर गेलेला असतो, कुणाची गादी झिजलेली असते, कुणाचा 'गॅप' कमी झालेला असतो. पहिल्या पाळीच्या बसची वाट बघत हायवेला उभी असलेली पोरं आणि फिरायला निघालेले आम्ही म्हातारे, पहाटे दोघांच्याही तोंडी बेअरिंगच.

मठ्ठ्याच्या प्रकारानंतर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, मध्ये काळी फट. मी म्हटलं, "मध्ये काहीच नाही की हो!" ते म्हणाले, "आहे. कूर्चा फोटोत उमटत नाही. ही फट म्हणजे तिची जाडी. फट अरुंद झाली म्हणजे ती झिजली." हाडांच्या टोकांवरचा हा थर इतका गुळगुळीत असतो, की बर्फावर बर्फ घसरतो त्याहून निरोगी सांध्यातलं घर्षण कमी. त्यातच अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या. आणि वंगण? मी आपला वाटीभर तरी धरून चाललो होतो. पण धडधाकट गुडघ्यातही ते चमचाभर भरत नाही.

पुढचं ऐकलं आणि मला खुर्चीतच चूक कळली. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. नसा नाहीत म्हणून झिजताना ती ओरडत नाही. ओरडा सुरू होतो तो आजूबाजूचे भाग कुरकुरायला लागल्यावर. आणि रक्त पोचत नाही म्हणून तिचं पोट भरतं ते त्या चमचाभर पाण्यावर. पाऊल टाकलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, पाऊल उचललं की पाणी आत ओढून घेते. चाललं नाही तर बिचारी उपाशी. आणि मी तर, गुडघा दुखतो तो जपून वापरावा म्हणून, वर्षभर चालणंच सोडलं होतं. लग्नातला शालू जपावा तसा गुडघा जपला, आणि शालूसारखाच तो घडीवर विरला.

मेंटेनन्सच्या पोराला हे सांगितलं. बेअरिंग चालवून झिजतं, गुडघा न चालवून खराब होतो. तो क्षणभर विचारात पडला. "काका, असलं बेअरिंग निघालं तर आमची नोकरी गेली."

मराठीने गुडघ्याचा मान कधी ठेवलाच नाही. कमअस्सल अक्कल ठेवायला जागा कुठली, तर गुडघा. उतावळ्या नवऱ्याने बाशिंग बांधायचं कुठे, तर गुडघ्याला. हरला की टेकायचे काय, तर गुडघे. हा शेवटचा वाक्प्रचार आमच्या गावात जरा जपून वापरावा लागतो; भीमेकाठच्या वाड्यात १९०८ साली जन्मलेला मुलगा बाविसाव्या वर्षी लाहोरला फासावर गेला, पण टेकले नाहीत. मला व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी "काका, गुडघे टेका" म्हटलं, तेव्हा मी हाच मुद्दा काढून पाहिला. ती म्हणाली, "सतरंजी घालते खाली."

तसं पाहिलं तर आपल्याकडे गुडघ्याला वेगळा व्यायाम लागतच नव्हता. आमची आजी जात्यापाशी एक पाय लांब करून बसे, विळीवर एक गुडघा उभा करून, चुलीपुढे उकिडवी आणि देवापुढे मांडी घालून. दिवसभर जमिनीवरून उठत होती आणि जमिनीवर बसत होती. मग ओटा आला आणि चूल उभी राहिली. चाकू आला आणि विळी माळ्यावर गेली. टेबल आलं, कमोड आला. आता घरातल्या लादीशी आमचा संबंध मोबाइल पडला तरच येतो.

पण आजीचं गुणगान फार लांबवत नाही. शेवटच्या दहा वर्षांत तिचे पाय धनुकलीसारखे वाकले होते आणि त्यांचा फोटो कुणी काढला नाही. आमच्या भागात कांद्याची लागण सुरू होते तेव्हा वाफ्यातून चवड्यावर सरकणाऱ्या बाया बघा. सकाळची ऊन पडायच्या आतली वेळ, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्याचा अंगठा चिखलात. संध्याकाळी उठताना एकीला दुसरी हात देते. तासन् तास उकिडवं बसून करायच्या कामाने गुडघा लवकर झिजतो. त्या बायांना कुणी जमिनीवर बसण्याचे फायदे सांगायला जाऊ नये.

भीमाशंकरची गोष्ट आणखी वेगळी. इतर देव आधी चढायला लावतात. इथे दर्शनाला आधी शेकडो पायऱ्या उतरायच्या. उतरणं सोपं, असं मी जन्मभर समजत होतो. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या अडीचपट भार पडतो, पायऱ्या चढताना तिप्पट आणि उतरताना साडेतीनपटीच्या आसपास. म्हणजे भीमाशंकर परीक्षा आधी घेतो. याच हिशोबातली एक बातमी मात्र सुखाची आहे: वजन एक किलो उतरलं, तर दर पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो. एवढं व्याज आमच्या गावातली कुठलीच बँक देत नाही. बायको हे ऐकल्यापासून जिलबी मोजून वाढते.

गुडघा बदलण्याचं म्हणाल तर मी त्या मुक्कामाला पोचलेलो नाही. २००० साली पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत बदलला, पुढच्या वर्षी उजवा, आणि तेव्हापासून हे ऑपरेशन कट्ट्यावरच्या गप्पांत आलं. २०१७ च्या ऑगस्टात सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. मला कौतुक वाटतं ते पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेतींचं. त्यांनी आपल्याकडच्या हाडांच्या मापाचा आणि आपल्या उठण्या-बसण्याचा विचार करून 'इंडस' नावाचा गुडघा तयार केला. परदेशी गुडघ्याला खुर्ची ठाऊक. मांडी ठोकून बसणं म्हणजे काय, हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

माझा सध्याचा उपचार अगदीच गरिबाचा आहे. गादीवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची आणि दहा आकडे मोजायचे. मग पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा. यात गुडघ्याला काहीच करायचं नसतं. सगळी मेहनत मांडीच्या पुढच्या स्नायूची. गुडघ्याची वाटी म्हणजे विहिरीवरची कप्पी. दोर मांडीचा, ओढ मांडीची, आणि दोर सैल पडला की बादली दगडांवर आपटते. पहिल्या आठवड्यात मी दहा आकडे भराभर मोजत असे. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "हा दहा आहे की दहाचा शॉर्टकट?" आता मोजायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय, आणि तिचा आठ आणि नऊ यांच्यामध्ये कुकरची एक शिट्टी होते.

तीन महिने झाले. सकाळी सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन येतो. पहिली शंभर पावलं गुडघा रुसलेला असतो, पुढे निमूट चालतो. पंगतीतून अजून एका दमात उठता येत नाही. पण 'आई गं' मधला 'गं' गेला, नुसत्या 'आई'वर भागतं.

परवा पुन्हा आळीत सत्यनारायण आहे. येणार असाल तर जरूर या, प्रसाद उत्तम असतो. भिंतीजवळचं कोपऱ्यातलं पान मात्र मी सांगून ठेवलंय.