आधी पोच घ्या
अभियांत्रिकीच्या नवशिक्यांसाठी सोपी प्रवेशिका (डहाणू-तलासरी आवृत्ती)

प्रस्तावना

गणित, मेकॅनिक्स आणि ड्रॉइंग हे विषय वर्गात शिकवले जातील. सर्वांत मोठा विषय मात्र कोणत्याच टाइमटेबलवर नाही. तो म्हणजे विद्यापीठाचे नियम. त्याची परीक्षा चारही वर्षे चालते आणि पेपर खिडकीपलीकडून तोंडी विचारला जातो.

तलासरीला रेल्वे स्टेशन नसल्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांनी ही पुस्तिका जीपमध्ये वाचावी. डहाणूकरांनी लोकलमध्ये वाचावी. चर्चगेटपासून डहाणू रोड 124 किलोमीटर आहे आणि उपनगरी लोकल 2013च्या एप्रिलमध्ये इथवर आली, त्यामुळे वाचायला वेळ भरपूर आहे.

धडा पहिला: आपण कोण आहोत?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटेल, पण सीईटी सेलने त्याची उत्तरे ठरवून ठेवली आहेत. दहावी-बारावी महाराष्ट्रातून केली असेल आणि डोमिसाइल असेल, तर तुम्ही टाइप ए. तलासरीपुढच्या अच्छाडनंतर गुजरात लागतो. बारावी सोयीची म्हणून उंबरगावला केली असेल, तर तुम्ही ए नाही. पण तुमचे किंवा आईवडिलांचे महाराष्ट्राचे डोमिसाइल असेल तर टाइप बी आहात. वडील किंवा आई केंद्र सरकारच्या नोकरीत आणि महाराष्ट्रात नेमणुकीवर असतील तर सी, राज्य सरकारच्या नोकरीत असतील तर डी. टाइप ई सीमाभागासाठी आहे. हे वाचून तलासरीच्या विद्यार्थ्याने आनंदाने उडी मारू नये. तो सीमाभाग कर्नाटकाकडचा, म्हणजे वादातली 865 गावे. आपली सीमा त्या वादात नाही, त्यामुळे तिला अक्षरही नाही.

यानंतर जमातीचा दाखला आणि त्याची पडताळणी. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा, धोडिया यांपैकी तुम्ही कोण आहात हे गावात सगळ्यांना माहीत असते. 2001च्या कायद्यानुसार ते तपासणी समितीलाही माहीत व्हावे लागते. समितीकडचा अर्ज बारावीच्या वर्षात घालावा, सीईटीच्या निकालानंतर नव्हे. नुसती पावती कोणत्या वर्षी आणि कुणाला चालते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बारीक टायपात असते. बारीक टाइप आधी वाचावा. मोठ्या टायपात फक्त शुभेच्छा असतात.

धडा दुसरा: पास होणे म्हणजे काय?

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. तेव्हापासून ते पास होण्याची व्याख्या सुधारत आहे. अलीकडे 2012, 2016, 2019 आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाची, अशा स्कीमा एकामागून एक आल्या. आपली स्कीम कोणती हे रक्तगटासारखे पाठ असावे, कारण चुकीच्या स्कीमचा फॉर्म भरला तर तो विषय तुमचा नसतो आणि फी मात्र तुमची असते.

2019च्या स्कीमचे उदाहरण घेऊ. शंभर गुणांच्या विषयात 80 गुण सत्राच्या लेखी परीक्षेला आणि 20 अंतर्गत चाचण्यांना. लेखीत 32 हवेत आणि चाचण्यांत 8 हवेत, दोन्ही स्वतंत्रपणे. समजा, तुम्हाला लेखीत 70 पडले आणि चाचण्यांत 7. बेरीज 77. गावात पेढे वाटायला हरकत नाही, पण तुम्हाला केटी लागली आहे, म्हणजे विषय राहिला आहे. याला ‘आयएची’, म्हणजे अंतर्गत चाचण्यांची, केटी म्हणतात. ती घरी समजावून सांगता आली तर तुम्ही इंजिनीअर झालात असे समजावे.

क्रेडिटचा हिशोब त्यामानाने सोपा आहे. आठवड्याला एक तास लेक्चर किंवा दोन तास प्रॅक्टिकल, सत्रभर केले की एक क्रेडिट. एआयसीटीईच्या 2018च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी अशी 160 क्रेडिटे आहेत. तलासरी ते कॉलेज या प्रवासाला शून्य क्रेडिट आहे.

धडा तिसरा: एटीकेटी

काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देण्याच्या सवलतीला एटीकेटी म्हणतात. किती विषय राहिलेले चालतात हा आकडा स्कीमगणिक बदलतो, म्हणून सीनियरचे ऐकू नये. सीनियर वेगळ्या स्कीमचा असतो. पाठ करायचे ते एवढेच: पहिल्या वर्षाचे काही बाकी असेल तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही आणि दुसऱ्याचे बाकी असेल तर चौथ्याला नाही. या अपघाताला ‘ड्रॉप लागणे’ म्हणतात. ड्रॉप लागू लागले की राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात ‘कॅरी ऑन’ची, म्हणजे विषय बाकी असूनही पुढे बसू देण्याची, मागणी होते. कधी ती मान्य होते, कधी नाही. तिच्या भरवशावर अभ्यास सोडू नये. पण परिपत्रकांचे पान रोज उघडावे.

पुढची पायरी आरएलई. आठव्या सत्रात तुम्ही सगळ्या विषयांत पास आहात, पण खालच्या सत्रातला एक पेपर अडकला आहे. मग वरचा निकाल राखून ठेवतात आणि नावापुढे ही तीन अक्षरे येतात. नोकरी देणारी कंपनी ती पाहून विचारते, “हा कुठला ग्रेड?” शांतपणे सांगावे, “सर, प्रतीक्षा.”

धडा चौथा: पंचाहत्तर टक्के

सरासरी हजेरी 75 टक्के हवी. कमी भरली तर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागते. योग्य कारण आणि त्याचा कागद असेल, तर कमी हजेरी माफ करण्याचा अधिकार प्राचार्यांना असतो. इथे ‘योग्य’पेक्षा ‘कागद’ महत्त्वाचा.

आजारपण हे चांगले कारण, कारण डॉक्टर कागद देतो. जुलैतली भाताची लावणी हे वाईट कारण, कारण शेत कागद देत नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्रातली यात्रा हे अत्यंत वाईट कारण, कारण तिथे तुम्हाला सरही भेटू शकतात. 28 मे 2024 रोजी पालघरला मालगाडी घसरली आणि विरार-डहाणू लोकल बंद पडल्या. अशा दिवसाचे वर्तमानपत्राचे कात्रण त्याच संध्याकाळी जपून ठेवावे. पुढच्या सत्रात खिडकीवर कुणालाही ती मालगाडी आठवत नाही. धुंदलवाडी-तलासरी परिसरात 2018च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. जमीन हलली एवढे लिहून भागत नाही. घराला तडा गेला असेल तर पंचनाम्याची प्रत जोडावी.

धडा पाचवा: कृपा आणि तिची चिन्हे

दोन-तीन गुणांनी विषय हुकला तर ऑर्डिनन्स 5042-एप्रमाणे कृपागुण मिळू शकतात. ते आपोआप लागतात, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. एनएसएस, एनसीसी, खेळ वगैरेंतल्या कामासाठी 229-ए खाली दहा गुण असतात. ते आपोआप लागत नाहीत. एनएसएसच्या शिबिरात बंधारा बांधणारा हात प्रमाणपत्राच्या रांगेतही उभा राहिला पाहिजे. निकालाच्या गॅझेटात गुणांना चिकटलेल्या खुणा दिसतात. त्यांचा अर्थ पानाच्या तळाला असतो. निकाल खालून वर वाचण्याची सवय लावावी.

धडा सहावा: मधल्या दाराने

विक्रमगडच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा दुसरीकडे डिप्लोमा केला असेल, तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पहिले वर्ष माफ, म्हणजे पहिल्या वर्षाच्या केटीही माफ. आनंद तिसऱ्या सत्राच्या गणितापर्यंत टिकतो, कारण ते गणित पहिल्या दोन सत्रांचे गणित तुम्हाला येते असे धरून चालते. माफी अभ्यासक्रमातून मिळाली आहे, गणिताने दिलेली नाही.

नव्या धोरणात दारे वाढली आहेत. जादा क्रेडिटे घेऊन मायनर करता येते, मध्येच प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते आणि 2021 साली सुरू झालेल्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये कमावलेली क्रेडिटे ठेवता येतात. या बँकेत व्याज मिळत नाही. बाहेर पडायची सोय चांगलीच आहे, पण पहिल्या वर्षानंतर ती कोण वापरेल ते पाहावे. कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहणारा मुलगा हौसेने बाहेर पडेल आणि परत येईल. तलासरीचा मुलगा खोलीचे भाडे संपले म्हणून पडेल. दोघांच्या प्रमाणपत्रावर मजकूर एकच असेल. म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प ऑफिसात जाऊन यावे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचा खर्च खात्यात देणारी स्वयं योजना तिथेच विचारायची असते.

धडा सातवा: मुदत

मुदत दोन प्रकारची असते. तुमची चुकली तर लेट फी, मग सुपर लेट फी, मग पुढचे सत्र. विद्यापीठाची चुकली तर मुदतवाढ. 2017 साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल इतके रखडले, की राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची तारीखही उलटली. त्या वर्षी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले, पण विद्यार्थ्यांचे गेलेले प्रवेश परत आले नाहीत. यातून घ्यायचा धडा कडवट नाही. वेळ चुकल्यावर सवलत लागते हे विद्यापीठालाही ठाऊक आहे. तुम्ही ती लेखी मागा, इतकेच.

धडा आठवा: अर्ज

सगळ्या पुस्तिकेचे सार या धड्यात आहे. प्रत्येक नियमाखाली एक अपवाद असतो. तो बोर्डावर लावत नाहीत, मागणाऱ्याला देतात. तोंडी मागितलेला अपवाद तोंडीच नाकारला जातो. म्हणून अर्ज दोन प्रतींत करावा. विषय एका ओळीत लिहावा. नियमाचा क्रमांक घालावा. दुःखाचे वर्णन दोन ओळींपलीकडे नेऊ नये, सोबतच्या कागदांची यादी मात्र पूर्ण द्यावी. एक प्रत आत द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. हीच पोच. “उद्या या” असे उत्तर आले तर नम्रपणे म्हणावे, “येतो साहेब, आज फक्त पोच द्या.”

स्वाध्याय

1. रिकाम्या जागा भरा: लेखी 70 + चाचणी 7 = ______.

2. जोड्या लावा: (अ) लावणी (ब) ताप (क) मालगाडी, (1) डॉक्टरचा कागद (2) कात्रण (3) कागद नाही.

3. कारणे द्या: अर्जाची मुदत शुक्रवारी संपते आणि परिपत्रक गुरुवारी संध्याकाळी लागते.

4. उपक्रम: शेजारच्या पाड्यावरच्या, यंदा बारावीला असलेल्या एका मुलीला टाइप ए, पडताळणी आणि पोच या तीन गोष्टी समजावून सांगा. तिचा पडताळणीचा अर्ज या महिन्यात जाईल असे पाहा. या उपक्रमाला दहा गुण आहेत. मागितल्याशिवाय मिळणार नाहीत.