तीस टक्क्यांचे मामा

हैदराबादेत काचीगुड्याला आमच्या मामांकडे गेलात की चहाच्या आधी प्रश्न येतो, "तुमचा सध्या किती?" नवखा पाहुणा रक्तदाब सांगतो. पन्नाशीतला असला तर साखर सांगतो. मामांना दोन्हीत रस नसतो. त्यांना हवा असतो सिबिल स्कोर, म्हणजे उधारी फेडण्याच्या शिस्तीचे गुण. ३०० ते ९०० मध्ये तुम्ही कुठे बसता हे कळलं की मगच उस्मानिया बिस्किटांची बशी पुढे सरकते. ७५० च्या खाली असलात तरी बिस्किटं मिळतात, पण मामा तुमच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघतात.

त्यांचा स्वतःचा ८१२. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घर स्वतःचं, गाडी विकून टाकली, फिरणं मेट्रोनं. जन्मात कुणाचं देणं ठेवलं नाही. म्हणजे स्कोर ज्यासाठी लागतो त्यातलं एकही काम या माणसाला उरलेलं नाही. मामी हे अधूनमधून बोलून दाखवतात. त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर, "अगं, लागत नसला तरी असावा."

मामांचा मूळ सिद्धांत मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. "समज, कार्डाची मर्यादा एक लाख. तू साठ हजार उडवलेस. बिलाच्या तारखेला पै न् पै भरलीस. व्याज नाही, दंड नाही. तुला वाटलं, आपण शहाणे. पण तू भरायच्या आधीच बँकेनं स्कोर ठरवणाऱ्या ब्युरोला कळवून टाकलं की या गृहस्थानं साठ टक्के वापरलेत. स्कोर घसरला, बस बोंबलत!" म्हणून वापर तीस टक्क्यांच्या आत हवा आणि जास्त झालाच तर बिलाची वाट न बघता आधीच भरून मोकळं व्हायचं. ही तिशीची रेघ कुठल्या कायद्यात नाही, जाणकारांनी ठरवलेला तो एक अंदाज आहे, असं मी एकदा म्हणालो. "मर्यादापुरुषोत्तम कायदा बघून वागत नाही," मामा म्हणाले.

पूर्वी बँका हा हिशेब महिन्यातून एकदा कळवायच्या. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं १ जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेला आणि महिनाअखेरीला कळवायचा असं ठरलं. तेव्हापासून मामांच्या कालनिर्णयवर एकादशी-चतुर्थीच्या जोडीला या दोन तारखांना लाल गोल असतो. त्याच्या आधीचे तीन-चार दिवस घरात खरेदीचं सुतक पाळलं जातं. गेल्या वर्षी मामींचा मिक्सर नेमका बारा तारखेला जळाला. नवा आला सोळाला. मधले दिवस मामी भिजवलेले डाळ-तांदूळ घेऊन शेजारच्या आंटींकडे जात होत्या. आंटी सहज म्हणाल्या, रोख देऊन घ्या ना. मामा हादरलेच. "रोखीनं घेतलं तर कार्डाला वळण कसं लागेल?"

आमच्या ताईच्या लग्नाआधी मोत्यांचा सेट घ्यायला मामांबरोबर पत्थरगट्टीला गेलो होतो. बिल झालं ७२ हजार. मामांनी खिशातून तीन कार्डं काढून काउंटरवर मांडली, बिल उलटं केलं आणि पेन्सिलीनं गणित सुरू केलं. एक लाख वीस हजारांच्या कार्डावर चौतीस, ऐंशी हजारांच्यावर बावीस, साठ हजारांच्यावर सोळा. तिन्ही तिशीच्या आत. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. दुकानदार बिचारा काळजीनं म्हणाला, "साब, पैसे तो हैं ना?" मामांनी चष्म्यावरून बघितलं. "पैसे बहुत हैं मियाँ, परसेंट नक्को बढ़ना." दुकानदाराला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं तीन वेळा मशीन पुढे केलं आणि मामांनी तीन वेळा हातानं झाकून पिन दाबला.

चौथं कार्डही आहे, पण ते असल्या कामाला निघत नाही. ते सगळ्यांत जुनं. मर्यादा फुटकळ, कडा झिजलेल्या, नूतनीकरण होऊन होऊन नंबर तेवढा टिकलेला. बंद करा म्हटलं की मामा कानावर हात ठेवतात. जुनं खातं गेलं की इतिहास आखडतो आणि एकूण मर्यादा घटून वापराचा टक्का वर चढतो, हे झालं शास्त्र. खरं कारण जिव्हाळ्याचं असावं. शिवाय वर्षभर वापरलं नाही तर बँक नोटीस देऊन कार्ड बंद करू शकते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ते कार्ड घेऊन मामा बेकरीत जातात आणि बिस्किटं आणतात. पाहुण्यांपुढे येणारी बशी ती हीच. खंडेनवमीला पाटावर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मामींची कात्री आणि चारही कार्डं ओळीनं असतात. हळद चिपवर न लागेल अशा बेतानं मामा बोट टेकवतात.

क्रेडिट कार्डाबद्दल त्यांना गावाचा अभिमानही आहे. देशात सुरुवातीला क्रेडिट कार्ड आणणाऱ्या बँकांत आंध्रा बँक होती, साल १९८१, मुख्य कार्यालय आपल्या सैफाबादला. १ एप्रिल २०२० ला ही बँक युनियन बँकेत विलीन झाली. एप्रिल फूल असेल म्हणून मामांनी दुसऱ्या दिवसाचा पेपर येईपर्यंत विश्वास ठेवला नव्हता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची बातमी आली. मुलीच्या मामांनी नवऱ्या मुलाचा सिबिल स्कोर मागितला, तो खराब निघाला आणि लग्न मोडलं. आमच्या मामांनी ती बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, मग मराठी ग्रंथसंग्रहालयातल्या मित्रांच्या ग्रुपवर, मग चुकून इस्त्रीवाल्याला. खाली एकच ओळ, "मामा असावा तर असा."

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेतो. पण नांदेडजवळ मामांचे चुलतभाऊ शेती करतात, त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मामांनी सवयीनं "किती?" विचारलं आणि भाऊ उखडले. "सिबिलचं नाव काढू नको, बापू. त्याच्यापायी पीककर्ज अडलंय." पीककर्जाला सिबिल मागू नका म्हणून मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकांना दम भरला होता, पण दम मुंबईहून गावातल्या शाखेपर्यंत पोचायला वेळ लागतो. मामा गप्प झाले. मग म्हणाले, "कागद आण." अहवाल काढून रात्री अंगणात बसून ओळ न् ओळ वाचला. कधीच फेडलेलं ट्रॅक्टरचं कर्ज अजून थकीत दिसत होतं. मामांनी तिथेच तक्रार लिहिली, फेडल्याचा दाखला जोडला आणि खाली ठणकावून टाकलं की तीस दिवसांत निकाल लावला नाहीत तर नियमाप्रमाणे दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागेल. तीस हा आकडा इथेही आलेला पाहून त्यांना जे समाधान झालं ते लपलं नाही. नोंद दुरुस्त झाली, पीककर्ज सुटलं. आता त्या गावात मामांना वर्षाला दोनदा बोलावणं असतं.

८१२ चा प्रत्यक्ष उपयोग करायची संधी मात्र एकदाच आली. मावसभावाला मियापूरला फ्लॅट घ्यायचा होता. माझा स्कोर लावा, व्याज पाव टक्क्यानं तरी उतरेल, म्हणत मामा इस्त्रीचा शर्ट घालून सहअर्जदार म्हणून बँकेत गेले. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं स्क्रीन बघितला, "सुपर स्कोर, सर!" म्हणाला आणि चहा मागवला. मामांनी आमच्याकडे असं बघितलं की बस. मग त्यानं जन्मतारीख बघितली. वीस वर्षांचं कर्ज, अर्जदार एकाहत्तर वर्षांचे. चहा येईपर्यंत नकारही आला होता.

आणि बँकेनं चौकशी केली म्हणून पुढच्या अहवालात ८१२ चे ८०६ झाले. मामा त्यानंतर मावसभावाच्या वास्तुशांतीला गेले, जेवले, आहेरही दिला, पण आशीर्वाद देताना म्हणालेच, "सहा पॉइंट देणं लागतोस."

तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात तर १५ तारीख आणि महिनाअखेर तेवढी टाळा. जाण्याआधी आपला स्कोर बघून ठेवा. चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात आणि आपला आपण बघितल्यानं स्कोर कमी होत नाही. हे मामांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.