इंग्लंडच्या उन्हाळ्यास विनंती अर्ज

प्रति,
मा. इंग्लंडचा उन्हाळा,
मुक्काम: कधी लंडन, कधी बेपत्ता.

विषय: डोंबिवलीच्या एका क्रीडाप्रेमीची 2025 सालची सुट्टी आणि त्या काळातील आपले वर्तन.

महोदय,

अर्जदार डोंबिवली पूर्वेचा रहिवासी, वय 26, एक नोकरी सोडलेला आणि दुसरीवर रुजू न झालेला. या दोन नोकऱ्यांच्या मधल्या फटीत त्याने होती नव्हती ती शिल्लक गोळा करून आपल्या भेटीस यायचे ठरवले. व्हिसाचे 127 पौंड भरले, बँकेचे उतारे जोडले आणि प्रवासाचा हेतू विचारला तिथे ‘क्रिकेट, टेनिस, फुटबॉल’ असे प्रामाणिकपणे लिहिले. वडिलांचे म्हणणे होते की पर्यटन लिही. सामना बघायला कोणी देश सोडत नाही, तो टीव्हीवर दिसतो. राहण्याची सोय हाउन्स्लोला आत्याकडे होती, म्हणून हा अर्ज लिहून घेण्याइतके पैसे अर्जदाराकडे उरले.

पहिली तक्रार तापमानाची. आपल्या लौकिकाची चौकशी करून अर्जदार छत्री, विंडचीटर आणि आईने बळेच कोंबलेला स्वेटर असा सगळा जामानिमा घेऊन उतरला. आपण 30 जूनला, विम्बल्डनच्या पहिल्याच दिवशी, पारा 32 अंशांच्या पार नेलात. त्या स्पर्धेचा पहिला दिवस इतका तापल्याची नोंद नव्हती. आत्याच्या घरात छताला पंखा नाही, कारण तिथल्या घरांना तो सहसा नसतोच. भिंती बांधल्या आहेत त्या ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी. डोंबिवलीतले सव्वीस मे महिने अर्जदाराने काढले आहेत, पण पंख्याखाली. पुढे आपल्याच हवामान खात्याने जाहीर केले की हा ब्रिटनच्या नोंदींतला सर्वात उष्ण उन्हाळा, सरासरी तापमान 16.10 अंश. विक्रमाचा हा आकडा अर्जदाराने आईला फोनवर सांगितला, तेव्हा तिने ‘स्वेटर घालतोस ना?’ एवढेच विचारले.

विम्बल्डनच्या रांगेबद्दल मात्र तक्रार नाही. ज्याला सोडतीत तिकीट लागले नाही त्याने पहाटे विम्बल्डन पार्कच्या हिरवळीवर जायचे, क्रमांकाचे कार्ड घ्यायचे आणि सरकत राहायचे, ही तिथली रीत. हौशी मंडळी आदल्या दिवशीच दोन माणसांचा तंबू ठोकून झोपतात. रांगेत कसे वागावे याची पुस्तिकासुद्धा आहे. लालबागच्या नवसाच्या रांगेत उभे राहून तयार झालेल्या अर्जदाराला हे सगळे ओळखीचे वाटले. फक्त ‘आमचा माणूस पुढे उभा आहे’ म्हणणारा एकही जण भेटला नाही, त्यामुळे तो थोडा बेचैन झाला. आत स्ट्रॉबेरी आणि क्रीम. 2010 पासून अडीच पौंडांवर रोखून धरलेला भाव नेमका याच वर्षी 2 पौंड 70 पेन्स झाला आणि या वीस पेन्सांची बातमी देशभर झाली. लंडनमध्ये पाण्याच्या बाटलीचे पैसे देऊन आलेल्या माणसाला ही बातमी का आहे हे कळायला वेळ लागतो.

याच वर्षी तिथले रेषेवर वाकून उभे राहणारे पंच गेले आणि त्यांच्या जागी कॅमेरे आले. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस सेंटर कोर्टवर कोणीतरी ती यंत्रणा चुकून बंद करून ठेवली आणि चेंडू बाहेर पडल्याचे कोणी पुकारलेच नाही. लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या अर्जदाराला त्या क्षणी अगदी घरी आल्यासारखे वाटले.

फुटबॉल आपल्या अखत्यारीत येत नाही, आणि तक्रार हीच आहे. अर्जदार शाळेपासून मँचेस्टर युनायटेडचा. रात्री दीड वाजता टीव्हीचा आवाज बंद ठेवून, गोल झाला तर उशीत तोंड खुपसून त्याने ही निष्ठा पाळली. आपण येता तेव्हा प्रीमियर लीगने मेमध्येच दुकान बंद केलेले असते, ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत उघडत नाही. शेवटी तो युनायटेडच्या मैदानाच्या फेरीचे पैसे भरून रिकाम्या खुर्च्या बघायला मँचेस्टरला निघाला. ट्राममधून ‘ओल्ड ट्रॅफर्ड’ स्थानकावर घाईने उतरला, तर समोर लँकेशायरचे क्रिकेट मैदान. त्याच नावाचे फुटबॉलचे मैदान तिथून थोडे चालत. क्रिकेटचे 1857 सालचे, फुटबॉलचे 1910 सालचे, म्हणजे नावावर पहिला हक्क कोणाचा हे उघड आहे. पण हे अर्जदाराच्या गटातल्या कोणी मान्य केलेले नाही. क्रिकेटच्या ओल्ड ट्रॅफर्डवर त्याच जुलैमध्ये एका स्टँडला फरोख इंजिनियर यांचे नाव दिले गेले. दादरच्या पारशी कॉलनीतून निघालेला यष्टिरक्षक मँचेस्टरच्या पाटीवर पोहोचला, हे युनायटेडच्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांपेक्षा मोठे होते, असे अर्ज लिहून देणाऱ्याचे मत आहे. अर्जदाराचे नाही.

लॉर्ड्सचे प्रकरण नाजूक आहे. तिथे झेंडा, ढोल, शंख नेता येत नाही; वाइनची बाटली नेता येते. म्हणून अर्जदाराने तिरंगा आत्याच्या कपाटात ठेवला आणि तिने दिलेला थालीपिठांचा डबा घेतला. तिकीट पहिल्या चार दिवसांचे मिळालेच नाही, पाचव्याचे मिळाले. 14 जुलै. भारताला 193 धावा हव्या होत्या आणि जेवणापर्यंत आठ गडी गेले होते. मग रवींद्र जडेजा बुमराह आणि सिराजला हाताशी धरून तासन्‌तास उभा राहिला. दोन्ही संघांचे पहिले डाव 387 वर संपले होते, म्हणजे सामना चार दिवस कुणाकडेच झुकायला तयार नव्हता. अखेर बशीरचा चेंडू सिराजने नीट अडवला, तो खाली पडून मागे घरंगळला आणि एक बेल पडली. 22 धावांनी हार. जडेजा नाबाद 61, खेळलेले चेंडू 181. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवला, अर्जदाराने उरलेले थालीपीठ त्यांना दिले. त्यांनी ते लोण्याशिवाय खाल्ले, याची नोंद घ्यावी.

नंतर पैसे भरून केलेल्या लॉर्ड्सच्या फेरीत त्याने तो सन्मानफलक पाहिला. कसोटीत शतक ठोकले की नाव चढते. दिलीप वेंगसरकर तीनदा: 1979, 1982, 1986. अजिंक्य रहाणे 2014. आणि 2002 साली आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद 109 करणारे अजित आगरकर. सुनील गावसकर नाहीत. सचिन तेंडुलकरही नाहीत. तेंडुलकरांची लॉर्ड्सवरची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या 37. फलकाला दया नाही, वशिला नाही, मुंबईत कोणाला काय वाटते याची पर्वा नाही. आगरकर तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष होते. या फलकासमोर उभे राहून त्यांच्या निवडीवर टीका करणे अर्जदाराला जड गेले. लॉर्ड्सच्या मालक क्लबाने, एमसीसीने, मात्र त्याच कसोटीच्या पहिल्या दिवशी आपल्या संग्रहालयात सचिनचे तैलचित्र लावून टाकले. शतक नसेल तर चित्र, अशी काहीशी तडजोड.

महोदय, आपण 1911 सालीही असेच तापला होतात. त्या ऑगस्टमध्ये ग्रीनिचला पारा 36 अंशांच्या वर गेला होता. त्याच उन्हाळ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ आपल्याकडे आला होता आणि त्यात पालवणकर बाळू होते. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा माणूस डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदू संघात त्यांना घेतले ते बळी हवे होते म्हणून. जातीमुळे चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात. त्या दौऱ्यात संघ बहुतेक सामने हरला आणि बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. अर्जदार मँचेस्टर युनायटेडचे राखीव खेळाडू पाठ म्हणतो, पण बाळूंचे नाव त्याने लंडनला जाईपर्यंत ऐकले नव्हते. ही तक्रार आपल्याविरुद्ध नाही. ती कोणाविरुद्ध करायची हे ठरले की वेगळा अर्ज केला जाईल.

आता स्कारबरो. ऋतुराज गायकवाड यॉर्कशायरकडून काउंटी खेळणार, 22 जुलैला सरेविरुद्ध स्कारबरोला उतरणार, असे जाहीर झाले तेव्हा अर्जदाराने तत्काळ रेल्वेचे तिकीट काढले. ज्या यॉर्कशायरने 1992 पर्यंत परदेशी खेळाडू खेळवला नव्हता आणि मग पहिला खेळवला तो सचिन, त्याच यॉर्कशायरकडून पुण्याचा पोरगा. सामन्याच्या काही दिवस आधी ऋतुराजने वैयक्तिक कारणाने माघार घेतली. रेल्वेचे तिकीट परत होत नव्हते, सबब अर्जदार गेला.

आणि तिथे त्याला आपण पहिल्यांदा भेटलात. समुद्राजवळचे मैदान, वारा, डबे आणि थर्मास घेऊन आलेली पिकली मंडळी, मांडीवर वही ठेवून प्रत्येक चेंडू टिपून घेणाऱ्या बायका. जेवणाची सुट्टी झाली तसे लोक उठले आणि दोरी ओलांडून सरळ मैदानात शिरले. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी काठी उगारली नाही. पोरे टेनिसच्या चेंडूने खेळू लागली, म्हातारे खेळपट्टीच्या कडेला उभे राहून तिच्याकडे बघत माना हलवू लागले. वानखेडेवर जाळीच्या पलीकडूनच गवत पाहिलेला अर्जदार खाली बसला आणि त्याने ते हाताने चाचपून पाहिले. तो ज्याच्यासाठी आला होता तो तिथे नव्हता. सामन्यात काय झाले हेही त्याला आता धड सांगता येत नाही. पण संपूर्ण सुट्टीतला त्याचा सर्वात चांगला दिवस कोणता, असे विचारले तर तो स्कारबरो म्हणतो आणि मग ओशाळून लॉर्ड्सचे नाव जोडतो.

असे दिवस फार काळ टिकतील असे दिसत नाही, कारण ऑगस्टचा मोक्याचा काळ आता शंभर चेंडूंच्या ‘द हंड्रेड’ला दिलेला आहे. त्यातल्या ओव्हलच्या संघात 49 टक्के हिस्सा मुंबई इंडियन्सच्या मालकांनी घेतला, लीड्सचा अख्खा संघ सन समूहाने. म्हणजे यापुढे अर्जदार व्हिसा काढून, सात हजार किलोमीटर जाऊन मुंबईचाच संघ बघणार. आपल्या घराचे भाडे आता आमच्याकडून येते, हे सौम्य शब्दांत निदर्शनास आणले जात आहे.

मुख्य तक्रार ओव्हलची. रविवार, 3 ऑगस्ट, कसोटीचा चौथा दिवस. अर्जदाराचे विमान त्याच रात्री. इंग्लंडला 374 हव्या होत्या; ब्रूक आणि रूट यांनी शतके ठोकून सामना जवळजवळ नेला, मग प्रसिध कृष्णाने तो ओढून आणला. 6 बाद 339. हव्यात 35. आणि त्या क्षणी आपण आधी अंधारलात, मग बरसलात. दिवसभर सहन केलेत, आणखी तासभर सहन केले असते तर मालिकेचा निकाल अर्जदाराच्या डोळ्यांसमोर लागला असता. त्याने बॅग उचलली आणि हीथ्रो गाठले. सोमवारी दुपारी दोनला तो डोंबिवलीत पोहोचला, ‘साडेतीनला उठव’ म्हणून आडवा झाला. आईने उठवले नाही. पोरगा दमून आलाय. सिराजने उरलेल्या चारपैकी तीन बळी घेऊन डावातले पाच पूर्ण केले, ख्रिस वोक्स गळ्यात हात बांधून फलंदाजीला उतरला, सहा धावांनी सामना जिंकून मालिका 2-2 झाली, आणि हे सगळे तासाभराच्या आत. अर्जदाराला जाग आली ती खालच्या मजल्यावरच्या आरोळ्यांनी.

यावर आपल्या बाजूने असे म्हटले जाईल की याला पूर्वपीठिका आहे. 24 ऑगस्ट 1971 रोजी भारताने याच ओव्हलवर इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली, तेव्हा कर्णधार अजित वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये झोपले होते. केन बॅरिंग्टननी येऊन उठवले, असे ते स्वतः सांगत. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती आणि चाहत्यांनी चेसिंग्टन प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण मैदानात फिरवली होती. युक्तिवाद मान्य. पण वाडेकर झोपले ते चंद्रशेखरने 38 धावांत सहा बळी घेऊन काम सोपे केल्यावर, आणि ते मैदानाच्या आत होते.

अर्जदार नुकसानभरपाई मागत नाही. दिवसभरात ठरावीक संख्येपेक्षा जास्त षटके पडली की तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. डकवर्थ आणि लुईस हे दोघेही आपल्याच देशाचे. पावसाने बुडालेल्या धावांचा हिशेब करण्याची विद्या इंग्लंडमध्ये निघाली यात आश्चर्य नाही. बुडालेल्या सुट्टीचा हिशेब करणारी पद्धत कोणी काढली तर कळवावे.

आपला,
अर्जदाराच्या वतीने.

ता. क. अर्जदाराची धाकटी बहीण स्मृती मानधनाची चाहती असून 2026 मध्ये ती येत आहे. 10 ते 13 जुलै, लॉर्ड्स, भारत विरुद्ध इंग्लंड. त्या मैदानावर महिलांची ही पहिलीच कसोटी आणि तीही चारच दिवसांची. 12 तारखेला विम्बल्डनची अंतिम लढत आहे, पण तिथे छत आहे. 14 तारखेला बर्मिंगहॅमला पुरुषांचा एकदिवसीय सामना, 16 तारखेला कार्डिफला दुसरा. आमच्याकडून 15 तारीख मोकळी ठेवली आहे. काय पडायचे ते त्या दिवशी पडून घ्यावे.