सरकार घाटावर, घरकुल घाटाखाली

छत्रपती संभाजीनगरात घरकुल म्हटलं की लोकांना पडेगाव-तीसगावची निविदा आठवते. हजारो घरांचं काम, स्पर्धक कंपन्यांनी एकाच संगणकावरून निविदा भरल्याचा आरोप, फेब्रुवारी 2023 मध्ये महापालिकेनेच दाखल केलेला गुन्हा, मार्चमध्ये ईडीचे छापे. शहरात त्यावर बरंच बोललं गेलं, बोललं जायलाच हवं होतं. पण याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगराखाली, घरकुलाचं एक टेबल आहे. तिथे छापा पडत नाही, म्हणून बातमीही होत नाही. आज त्या टेबलाबद्दल.

सोयगाव तालुका. जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभरावर किलोमीटर. मध्ये डोंगराची रांग, त्यामुळे हळद्याच्या घाटाने उतरा, नाहीतर फर्दापूरवरून वळसा घाला. इथल्या माणसाचा बाजार शेंदुर्णी-पाचोऱ्याला, सोयरीक जळगावकडे, बोली खानदेशी वळणाची. सरकार तेवढं घाटावर. घरकुलाचा कागद अडला की एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यायचं, तिथून ‘वरून आलं नाही’ हे ऐकून परत जायचं.

हे वाक्य ज्याला रोज उच्चारावं लागतं तो म्हणजे पंचायत समितीतला ग्रामीण गृहनिर्माण अभियंता. बहुतेक जण पंचविशी-तिशीतले, डिप्लोमा किंवा डिग्री केलेले. नेमणूक बाहेरच्या संस्थेमार्फत, कंत्राटी. एकेकाकडे कितीतरी गावं आणि तांडे, दुचाकी स्वतःची, मोबाइलही स्वतःचा. पंतप्रधान आवास योजना-ग्रामीण, रमाई, शबरी, मोदी आवास, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, अशा सगळ्या योजनांच्या घरांपर्यंत प्रत्यक्ष पोचणारा सरकारचा माणूस हाच. आणि सरकारच्या आस्थापनेत तो मोजलाच जात नाही.

त्याचं काम कसं चालतं ते जवळून पाहा. घर जोत्यापर्यंत आलं की फोटो, लिंटेलपर्यंत आलं की फोटो, स्लॅब पडला की फोटो. फोटो ॲपवरून आणि जागेवरच काढायचा, कारण त्याला अक्षांश-रेखांश चिकटतात. फोटोत घराचा मालक उभा हवा. डोंगराच्या कुशीतल्या तांड्यावर रेंज नसते. मग फोटो काढून ठेवायचा आणि टेकाडावर चढून पाठवायचा. पाठवताना चाक फिरत राहतं, ॲप बंद पडतं, पुन्हा खाली उतरून पुन्हा फोटो. आणि दिवाळीनंतर गेलात तर मालकच नसतो. तो ऊसतोडीला गेलेला. जोतं बांधून पडलेलं, म्हातारी दारात बसलेली, हप्ता अडकलेला. उन्हाळ्याच्या तोंडावर माणूस परततो तोवर सळई गंजते आणि सिमेंटचं पोतं दगड होतं. तालुक्याच्या तक्त्यात मात्र हे घर ‘लाभार्थ्याची उदासीनता’ म्हणून नोंदलं जातं. पोट भरायला गाव सोडणाऱ्याला उदासीन म्हणण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही.

आता रक्कम पाहू. इंदिरा आवास योजना सुरू झाली 1985 मध्ये. सपाट भागातल्या घराला 2010 मध्ये 45 हजार मिळत, 2013 मध्ये 70 हजार झाले, 2016 मध्ये पंतप्रधान आवास योजना-ग्रामीण या नव्या नावाने योजना आली तेव्हा 1 लाख 20 हजार. सहा वर्षांत दोनदा वाढ. त्यानंतर केंद्राचा आकडा हललेला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी 2 कोटी घरं मंजूर केली, तीही त्याच दराने. डोंगराळ, दुर्गम भागासाठी 1 लाख 30 हजार, म्हणजे डोंगराची किंमत 10 हजार. घर किमान 269 चौरस फुटांचं हवं. सपाट भागाच्या दराने भागाकार करा, फुटाला साडेचारशेही बसत नाहीत. हजाराच्या आत बोलणारा गवंडी आज कुठे सापडतो? रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी मिळते, 2025-26 च्या 312 रुपये दराने 28 हजार 80. शौचालयाचे 12 हजार वेगळे. राज्याने 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर संचासाठी. ही भर योग्यच होती, पण उशिरा आली. पाच ब्रास वाळू फुकट असते, मात्र ती आणायचं भाडं लाभार्थ्याने भरायचं. वाळूचा घाट लांब असला की फुकट वाळूही परवडत नाही. मधलं अंतर भरून निघतं सावकाराकडून, बचत गटाकडून किंवा ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन. घरकुलामुळे माणूस कर्जात जातो, हे ऐकायला कडू आहे, पण तांड्यांवर विचारा.

सगळ्यात जड प्रश्न जागेचा. ज्याच्या नावावर इंचभर जमीन नाही तोच खरा बेघर, आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा नसल्यामुळे नेमका तोच मागे राहतो. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी 50 हजार मिळायचे, आता 1 लाखापर्यंत. पण गावठाणात विकायला जागा असेल तर ना. कित्येक वस्त्या गायरानावर, काही वनजमिनीला टेकलेल्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये गावच्या सार्वजनिक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दल कडक निकाल दिला. पुढे 2018 मध्ये राज्याने घरकुलास पात्र असलेल्यांची 500 चौरस फुटांपर्यंतची राहती अतिक्रमणं मोफत नियमित करण्याची वाट काढली. कागदावर वाट आहे. चालायला गेलं की ग्रामपंचायतीचा ठराव, भूमी अभिलेखची मोजणी, तहसीलची मंजुरी, आणि जमीन वनखात्याची निघाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. यातल्या एकाही सहीचा अधिकार आपल्या कंत्राटी अभियंत्याला नाही. उद्दिष्ट मात्र त्याच्या नावावर. दर आठवड्याच्या आढावा बैठकीत उभं राहून ‘घरकुलं अपूर्ण का?’ याचं उत्तर त्यानेच द्यायचं.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. लाचलुचपत विभागाच्या सापळ्याच्या बातम्या वाचा. घरकुलाचा हप्ता आणि त्यासाठी मागितलेले पैसे हा प्रकार राज्यभर पुन्हा पुन्हा येतो, आणि पकडल्या जाणाऱ्यांत कंत्राटी अभियंतेही असतात. कमी मानधन हे लाच घेण्याचं कारण होऊ शकत नाही. पंधरा हजारांच्या पहिल्या हप्त्यातून पैसे मागणाऱ्याला माफी नको. पण जो मागत नाही, जो स्वतःच्या पेट्रोलवर तांड्यावर जातो आणि म्हातारीला अंगठा कुठे लावायचा ते दोनदा समजावतो, त्याला आपण काय देतो? पुढच्या वर्षी काम राहील की नाही याची धास्ती. पाच-सहा वर्षं गावं पायाखाली घातलेला माणूस संस्था बदलली की घरी बसतो, नवा येतो, आणि कोणाचं जोतं कुठे अडलंय हे त्याला पहिल्यापासून शिकावं लागतं. यात नुकसान गावाचं.

22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्यात बालेवाडीला मोठा सोहळा झाला. राज्यातल्या 20 लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं आणि 10 लाख जणांना पहिला हप्ता एका दिवसात. चांगलं झालं. पैसा एका कळीवर जातो. भिंत मात्र कोणीतरी जागेवर जाऊन बघितल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि त्या ‘कोणीतरी’ची संख्या, पगार, गाडीभाडं याबद्दल त्या व्यासपीठाइतक्याच जोरात घोषणा व्हायला हवी होती.

जिल्हा परिषदेला आणि या भागाच्या आमदार-खासदारांना माझी मागणी साधी आहे. घरकुल अभियंत्यांना कायम करा, ते होईपर्यंत किमान फिरतीचा भत्ता आणि सरकारी मोबाइल द्या. ऊसतोडीची माणसं गावात असतात त्या महिन्यांत, पावसाच्या आधी, तालुक्यातल्या बनोटी, सावळदबारा, जरंडी, फर्दापूर इथे एकेक दिवस तहसील, भूमी अभिलेख, वनखातं आणि पंचायत समिती एकत्र बसवा आणि जागेचे प्रश्न जागेवर निकाली काढा. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी योजना लागत नाही. चार खात्यांनी चार दिवस घाट उतरायचा आहे.