माझ्या मशीनवर चालतंय

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत, प्रत्येक टीममध्ये हा एक असतोच. दोन असले तर ते एकमेकांशी फक्त कोड रिव्ह्यूमध्ये बोलतात, आणि ते बोलणं एचआरला दाखवण्यासारखं नसतं.

कानांवर हेडफोन, भर मे महिन्यात अंगात हुडी. बारा ओळींच्या कोडवर हा चाळीस शेरे मारतो. वर "हे कुणी लिहिलंय?" असंही विचारतो. लिहिणाऱ्याचं नाव समोर स्क्रीनवर असतं आणि लिहिणारा शेजारच्या खुर्चीत. गिटमधली 'ब्लेम' ही कमांड त्याची भारी लाडकी. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते ती सांगते. लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात; हा ब्लेम चालवतो आणि सापडेल त्याचं घेतो.

हे गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी तयार केलं. तेच याचं दैवत. "ते तरी कुठे कुणाशी गोड बोलायचे?" हा त्याचा बिनतोड मुद्दा. कँटीनमध्ये एकदा कुणीतरी म्हणालं, "अरे, त्यांनी लिनक्स लिहिलं, तू हजेरीचं मॉड्यूल लिहिलंस. आणि २०१८ मध्ये त्यांनीसुद्धा आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही दिवस सुट्टी घेतली."

यानं चहाचा घोट घेतला. "पगारी?"

यंदा लीडची जागा शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना मिळाली. त्या याच्या निम्म्या वेगानं कोड लिहितात; पण नवी पोरं अडली की त्यांच्याकडे जातात. याच्याकडे येण्यापेक्षा पोरांना गूगल जास्त प्रेमळ वाटतं. मॅनेजर म्हणाला, "पीपल स्किल्सवर काम कर." यानं शनिवारी दोन तासांत तसला कोर्स उरकला आणि सर्टिफिकेट लिंक्डइनवर टाकलं. सोमवारपासून प्रत्येक वाक्याआधी "माझं चुकत असेल, पण" लागू झालं. आधी नुसती मिरची होती, आता मिरचीचं लोणचं झालं. जास्त टिकायला लागलं, एवढाच फरक.

मग टेस्टिंगवालीनं सांगितलं, रात्रपाळीवाल्यांची हजेरी आदल्या दिवशी लागतेय.

"माझं चुकत असेल, पण माझ्या मशीनवर चालतंय."

चालणारच. त्याचं मशीन भारतीय वेळेवर, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे. रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस. तीन दिवस यानं सर्व्हरवाल्यांचा आणि डेटाबेसवाल्यांचा उद्धार केला. चौथ्या दिवशी कॉलवर मॅडमनी हळूच विचारलं, "आपण वेळ कुठल्या झोनची घेतोय?" कोड त्याचा एकट्याचा होता, तरी त्या 'आपण' म्हणाल्या.

बराच वेळ हा गप्प. मग म्हणाला, "माझं चुकलं."

पुढे 'पण' आलंच नाही. सगळे वाट बघत राहिले. शेवटी मॅनेजर म्हणाला, "हॅलो? तुझं नेट गेलं वाटतं. जरा परत बोल."

बिचाऱ्याला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.