घरचा मिस्तरी

जुन्या जालन्यात गल्लीत दोन मारुती असतात. एक पारावरचा, शेंदूर लावलेला; दुसरा निवृत्त काकांच्या दारातला, ग्रीस लावलेला. कंपनीनं मारुती ८०० बनवणं 2014 साली थांबवलं. काकांकडे ती अजून बनतेच आहे.

गतिरोधकावर पुढून खडखड आली की काकांचा चेहरा खुलतो. "लोअर आर्मचे बुश गेले!" एवढ्यासाठी कुंडलिका ओलांडून नव्या जालन्यातल्या गॅरेजात जायचं म्हणजे त्यांना शरणागती वाटते. "तिथं प्रेसवर दहा मिनिटांत होईल," असं कुणी म्हटलंच तर त्याचा चहा रद्द. "अख्खं गाव भंगार वितळवून सळया काढतं, अन् माझ्याच्यानं एक रबर निघंना व्हय?"

मग लांब बोल्ट, जाड वायसर, एका बाजूला गोटी पाना, दुसऱ्या बाजूला बोअरच्या पाइपाचा तुकडा. नट आवळत जायचं, बुश सरकत पाइपात येतो. तत्त्व बिनचूक आहे. बुशला ते ठाऊक नसतं. शेवटी हॅक्सॉचं पातं आत घालून लोखंडी कवच चिरावं लागतं. नवा बुश थंडीनं आकसावा म्हणून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात, आणि काकूंचा भांड्यांचा साबण लावून सकाळी आत ढकलतात. वाचलेल्या मजुरीतून नवा पाना येतो. त्या पान्याजोगं काम निघेपर्यंत काका गाडीला कान लावून बसतात.

खरा सोहळा शेवटच्या बोल्टचा. गाडी जॅकवर असताना तो पक्का आवळायचा नसतो. चाकांवर वजन आल्यावरच आवळायचा, नाहीतर रबराला कायमचा पीळ राहतो आणि ते लवकर फाटतं. नियम सोळा आणे खरा. त्याला गाडीचं स्वतःचं वजन पुरतं. काकांना पुरत नाही. चाकांखाली फरशीचे तुकडे रचून ते गल्लीतले चार वजनदार गृहस्थ आत बसवतात आणि स्वतः पान्यासकट खाली शिरतात.

"हलू नका कुणी! आता बुशचं काम काय असतं, ते सांगतो."

खिडकीशी बसलेले मास्तर बऱ्याच वेळानं घाम पुसत विचारतात, "काका, काय करू राहिले? बोल्ट आवळला का नाही?"

"तो कव्हाच आवळला," खालून आवाज येतो. "आता मागच्या चाकांचं ऐका."